सही, नाव आणि जामीन : जॅक निकलस यांच्या व्यवसायाचे प्रकरण

१९८६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ऑगस्टा येथे मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा जिंकल्याबद्दल अमेरिकी गोल्फपटू जॅक निकलस यांना १ लाख ४४ हजार डॉलरचे बक्षीस मिळाले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २००७ मध्ये, न्यूयॉर्कचे बँकर हॉवर्ड मिलस्टीन यांनी निकलस यांच्या व्यवसायात आणि त्यांच्या नावाशी जोडलेल्या हक्कांत १४.५ कोटी डॉलर घातले, म्हणजे त्या बक्षिसाच्या हजारपटीहून थोडे अधिकच. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत ७३ स्पर्धा जिंकणाऱ्या या खेळाडूच्या तिथल्या उभ्या कारकिर्दीतील बक्षिसांची बेरीज सुमारे ५७ लाख डॉलर भरते. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की खेळापेक्षा धंदा किती मोठा, असे कोणीही सहज म्हणून जाईल. मात्र ते १४.५ कोटी नेमके कशासाठी दिले गेले, यावर पुढे दोन राज्यांतील न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालला आणि देणारा व घेणारा यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत. हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे ते त्यामुळे.

गोल्फमध्ये अठरा होलमध्ये, म्हणजे खळग्यांत, सर्वांत कमी फटक्यांत चेंडू घालणारा जिंकतो; फेरी संपल्यावर खेळाडूला स्कोअरकार्डवर स्वतः सही करावी लागते, आणि एकदा सही झाली की कार्डावर लिहिलेले तेच खरे. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाचे रॉबर्टो दे व्हिसेन्झो यांनी सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते. कार्ड भरणाऱ्या सहखेळाडूने चार लिहिले, दे व्हिसेन्झो यांनी न तपासता सही केली आणि बरोबरी साधूनही विजेतेपदासाठीचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारी जादा फेरी, त्यांच्या हातून गेला. प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहिला असता तर ते स्पर्धेतूनच बाद झाले असते. जास्त लिहिल्यामुळे तो जास्तीचा फटका फक्त त्यांच्या माथी बसला. निकलस याच शिस्तीत वाढलेले खेळाडू. त्यांच्या व्यवसायाची पन्नास-पंचावन्न वर्षे पाहताना मी एकच प्रश्न धरून चाललो आहे, तो म्हणजे प्रत्येक टप्प्यावर त्यांनी सही कशावर केली: आराखड्यावर, परवान्यावर, कर्जाच्या हमीवर, की स्वतःच्या नावाच्या विक्रीवर?

पगार नसलेला खेळ

निकलस यांचा जन्म २१ जानेवारी १९४० चा, ओहायो राज्यातील कोलंबस शहरातला. वडील औषधविक्रेते होते. मुलगा ओहायो स्टेट विद्यापीठात शिकत होता, विमा विकत होता, आणि बॉबी जोन्स यांच्यासारखे आयुष्यभर हौशी खेळाडू राहावे असे त्याच्या मनात होते. १९५९ आणि १९६१ अशी दोनदा अमेरिकेची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकल्यानंतर, १९६१ च्या अखेरीस त्यांनी व्यावसायिक होण्याचे ठरवले. लॉस एंजेलिस ओपन या पहिल्या स्पर्धेतील त्यांची कमाई होती ३३ डॉलर आणि ३३ सेंट. पुढच्याच उन्हाळ्यात ओकमाँट येथे यूएस ओपनच्या प्लेऑफमध्ये त्यांनी त्या काळचे लोकप्रिय गोल्फपटू आर्नल्ड पामर यांना हरवले, आणि व्यावसायिक म्हणून त्यांचा पहिला विजयच महास्पर्धेतला, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एकीतला, ठरला.

व्यावसायिक गोल्फपटू कोणाचाही नोकर नसतो, हे या धंद्याचे पहिले सूत्र. त्याला पगार नाही. प्रवास, मुक्काम आणि बॅग वाहणाऱ्या कॅडीचा मोबदला त्याच्याच खिशातून जातो, आणि पहिल्या दोन दिवसांनंतर होणाऱ्या कटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या चाळणीत, तो गळला की त्या आठवड्याची कमाई शून्य. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून छोटा व्यावसायिकच असतो. दुसरे सूत्र ग्राहकाचे. क्रिकेटचा चाहता तिकीट काढतो, फार तर बॅट घेतो, पण स्टेडियमशेजारी घर मिळावे म्हणून कोणी दुप्पट किंमत मोजत नाही. गोल्फचा चाहता मात्र बहुधा स्वतः खेळणारा आणि पैसेवाला असतो. तो विजेत्याच्या हातातली काठी विकत घेतो, त्याच्या अंगावरचा शर्ट घेतो, आणि जमले तर त्याने आखलेल्या मैदानाच्या कडेचा भूखंडही घेतो. एका खेळाडूच्या नावावर इतक्या परींची विक्री होऊ शकेल असे खेळ फारसे नाहीत.

हे ओळखून क्लीव्हलँडचे वकील मार्क मॅककॉरमॅक यांनी पामर यांच्यापासून सुरुवात केली, पुढे गॅरी प्लेअर हा आणखी एक अव्वल गोल्फपटू आणि निकलस यांनाही घेतले, आणि त्यांची आयएमजी ही संस्था क्रीडा व्यवस्थापनाचे जगातले मोठे घर झाली. निकलस तिथे काही वर्षे राहिले. १९७० मध्ये वडील वारले. त्याच सुमारास त्यांनी स्वतःची गोल्डन बेअर ही कंपनी काढून आपला कारभार आपल्या हाती घेतला. ‘सोनेरी अस्वल’ हे टोपणनाव त्यांना एका ऑस्ट्रेलियन क्रीडापत्रकाराने दिले होते. आता ते व्यापारचिन्ह झाले. या निर्णयामागे एकच कारण होते असे मला वाटत नाही. एका व्यवस्थापकाच्या पदरी तीन प्रतिस्पर्धी असताना येणारे काम आधी कोणाकडे जाणार, हा प्रश्न प्रत्येक फोनबरोबर उभा राहतो, आणि त्या यादीत पामर यांचे नाव कायम पहिले होते. पण दलालीचे टक्के वाचवताना माणूस दलालाचे डोळेही गमावतो. करारातले धोके वाचणारा तिऱ्हाईत आता उरला नाही.

आराखड्यावरची सही

मैदाने आखण्याचे काम त्यांनी खेळ सोडल्यावर सुरू केले नाही. खेळाच्या ऐन भरात केले. साठच्या दशकात ओहायोत जन्मलेले आराखडाकार पीट डाय यांनी त्यांचे मत विचारायला सुरुवात केली आणि दोघांनी मिळून साउथ कॅरोलायनातील हार्बर टाउन हे मैदान घडवले, जे १९६९ मध्ये खुले झाले. तिथली पहिली स्पर्धा पामर यांनी जिंकली, हा योगायोग गमतीचा आहे. पुढे कोलंबसजवळच्या डब्लिन गावात निकलस यांनी स्वतःचे स्वप्न उभे केले. १९६६ ची ब्रिटिश ओपन त्यांनी स्कॉटलंडमध्ये ज्या म्युअरफील्डवर जिंकली होती, त्याच्या नावावरून या मैदानाला म्युअरफील्ड व्हिलेज म्हटले गेले. ते १९७४ मध्ये खुले झाले आणि १९७६ पासून तिथे मेमोरियल स्पर्धा भरू लागली. ती १९७७ आणि १९८४ मध्ये स्वतः निकलस यांनीच जिंकली. घरचे कार्य आणि मानाचा नारळही घरातच, असे कोणी म्हणाले असेल तर नवल नाही.

आराखडाकार म्हणजे कागदावर रेघा ओढणारा माणूस, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कच्च्या जमिनीवर खुंट्या आणि झेंड्या लागलेल्या असताना तो बांधावरून चालत जातो. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, जिथे येणार तिथे उभा राहून चेंडू कुठे पडेल आणि तिथून ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ, दिसेल की नाही ते पाहतो, मग हा उंचवटा अर्धा फूट खाली घ्या, तो बंकर (वाळूचा खड्डा) डावीकडे सरकवा, पाणी या बाजूने काढा, असे सांगत पुढे जातो. बुलडोझरवाला त्याच्या मागून येतो. या कामात निकलस यांची नजर जगातल्या सर्वोत्तम खेळाडूची होती, आणि सुरुवातीला तोच दोषही ठरला. त्यांचा स्वतःचा हुकमी फटका उंच जाऊन डावीकडून उजवीकडे वळत येणारा. त्यांची आरंभीची मैदाने त्याच फटक्याला इनाम देतात, अशी टीका त्या काळी सर्रास होई. वर्गणी भरणारा सभासद हा पंधरा-वीस फटके जास्त घेणारा डॉक्टर किंवा दुकानदार असतो आणि मैदान त्याच्यासाठीही हवे, हे त्यांच्या पुढच्या कामात अधिकाधिक उतरत गेले. खेळाडूपण मागे ठेवून ग्राहकाच्या पायांनी चालायला शिकणे, हा माझ्या मते त्यांच्या स्थित्यंतराचा सर्वांत खरा भाग आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.

या व्यवसायाचे अर्थकारण साधे आहे. जमीन विकसकाची, भांडवल आणि कर्जही विकसकाचे; आराखडाकाराला ठरलेले शुल्क मिळते. मैदानाच्या कडेचे भूखंड विकले गेले नाहीत तर बुडतो तो विकसक. पुढे निकलस यांच्या संस्थेने शुल्काचे थर पाडले. ज्यात ते स्वतः जातीने लक्ष घालणार ते ‘सिग्नेचर’ मैदान, म्हणजे शब्दशः त्यांच्या सहीचे, आणि ते सर्वांत महाग. मुलांबरोबर संयुक्तपणे केलेले त्याहून स्वस्त. संस्थेतल्या आराखडाकारांनी केलेले आणखी स्वस्त. एका माणसाचा वेळ मर्यादित आणि नावाला मागणी अमर्याद असेल तर असे थर पाडण्यावाचून इलाज नसतो. या रचनेतून ४० हून अधिक देशांत ४०० हून अधिक मैदाने उभी राहिली. भारतात हरियाणातील मानेसरजवळ क्लासिक गोल्फ रिसॉर्टचे २७ होलचे सिग्नेचर मैदान त्याच मालिकेतले आहे.

कपडे आणि इतर वस्तूंचे परवाने याच जातीचे. कारखाना दुसऱ्याचा, माल दुसऱ्याचा, न खपल्यास नुकसान दुसऱ्याचे. यांचे फक्त नाव आणि अस्वल, आणि त्यावर टक्केवारी. पुढे वाइनच्या बाटलीवर आणि लिंबू सरबताच्या डब्यावरही हे अस्वल पोहोचले. इथवर धोका असा काही नव्हता.

कर्जाखाली सही

पतसंस्थेच्या कर्जाला ज्याने कधी जामीन राहून पाहिले आहे, त्याला या भागाची प्रस्तावना लागणार नाही. नफा कर्जदाराचा असतो, जामीनदाराला त्यात काडीचाही वाटा नसतो, आणि नोटीस मात्र त्याच्या दारात आधी येते.

ऐंशीच्या दशकात निकलस यांची कंपनी शुल्क घेणारी न राहता स्वतः विकसक होऊ लागली. गोल्फशी संबंध नसलेल्या धंद्यांतही पैसा गुंतला. न्यूयॉर्कजवळचा सेंट अँड्र्यूज आणि कॅलिफोर्नियातील बेअर क्रीक हे मैदानासह घरबांधणीचे दोन प्रकल्प विशेष अंगावर आले. घरे अपेक्षेप्रमाणे विकली गेली नाहीत, व्याज चढत गेले, आणि कर्जांमागे निकलस यांची वैयक्तिक हमी होती. १९८५ च्या सुमारास कंपनीचा कारभार पाहणारी व्यक्ती बदलली गेली, हिशेबात मुरलेला माणूस वर आणला गेला, आणि बँकांशी वाटाघाटी करून एकेक प्रकल्प सोडवून घेण्याचे काम सुरू झाले. याच हाताने विकसकांकडून शुल्क घेताना आपण कोणता धोका टाळत होतो, हे निकलस यांना तेव्हा उमगले असावे. विकसकाचा जास्त नफा त्यांना बाहेरून दिसत होता. तो नफा ज्या जोखमीचा मोबदला होता ती जोखीम तितकी दिसली नाही. ही चूक त्यांची एकट्याची नाही. साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्याला कारखान्याचा फायदा दिसतो आणि कारखान्यावरचे कर्ज दिसत नाही, त्याच वळणाची ही चूक आहे.

त्या निस्तरण्यातून जेमतेम मान वर काढून ते १९८६ च्या मास्टर्सला गेले. वय ४६, शेवटची महास्पर्धा जिंकून सहा वर्षे झालेली, आता ते संपले, असे अटलांटाच्या एका वृत्तपत्राने स्पर्धेच्या आधी छापलेले, आणि ते कात्रण ऑगस्टाच्या मुक्कामी कोणीतरी फ्रिजवर चिकटवून ठेवलेले. रविवारी शेवटच्या नऊ होलमध्ये त्यांनी फक्त ३० फटके घेतले. सतराव्या ग्रीनवर चेंडू होलच्या तोंडाशी जात असतानाच त्यांनी डाव्या हातातला पटर, म्हणजे होलजवळ चेंडू ढकलायची काठी, वर उचलला. चेंडू आत पडला आणि ते पहिल्यांदाच एकटे आघाडीवर आले. बॅग वाहायला थोरला मुलगा होता. अठरावी आणि अखेरची महास्पर्धा त्यांनी एका फटक्याने जिंकली.

व्यवसायाच्या दृष्टीने त्या छायाचित्रात निकलस यांच्यापेक्षा तो पटर महत्त्वाचा आहे. मॅकग्रेगर कंपनीचा तो अवजड, बेढब म्हणावा इतक्या मोठ्या डोक्याचा पटर तोवर लोकांना थट्टेचा विषय वाटत होता. मॅकग्रेगरमध्ये निकलस यांची स्वतःची भागीदारी होती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्या पटरसाठी सुमारे ५,००० मागण्या आल्याचे सांगतात. कोणत्याही जाहिरात मोहिमेला जे वर्षभरात साधले नसते ते दुपारच्या दोन तासांत झाले, आणि त्यासाठी निकलस यांना कशावरही सही करावी लागली नव्हती, फक्त स्कोअरकार्डावर. बँकेच्या टेबलावर समोर बसलेल्या माणसाचे वजन त्या रविवारनंतर वाढले असणार. मात्र खेळातला विजय धंद्यातली तूट झाकू शकतो तो एकदाच, आणि ४६ व्या वर्षी त्यावर पुन्हा भिस्त ठेवता येत नाही.

सोळा डॉलर ते पंचाहत्तर सेंट

दहा वर्षांनी, ऑगस्ट १९९६ मध्ये, गोल्डन बेअर गोल्फ या कंपनीचे समभाग १६ डॉलर दराने लोकांना विकले गेले आणि नॅसडॅक बाजारात नोंदले गेले. गोल्फचा तो सुगीचा काळ होता. कंपनीकडे चेंडू मारण्याच्या सरावाची केंद्रे होती, प्रशिक्षण शाळा होत्या, परवान्यांचे उत्पन्न होते आणि मैदाने प्रत्यक्ष बांधणारी पॅरागॉन ही उपकंपनी होती. भांडवलाचा हा मार्ग जामिनापेक्षा सुरक्षित वाटतो, कारण समभागधारकाला व्याज द्यावे लागत नाही. पण जामीन राहताना माणूस एका बँकेला उत्तर देतो. समभाग विकल्यावर, आपल्याला कधी न भेटलेल्या हजारो लोकांना दर तिमाहीला आकड्यांतून उत्तर द्यावे लागते, आणि ते आकडे तयार करणारे हात आपले नसतात.

पॅरागॉनमध्ये घडले ते समजून घ्यायला आपल्याकडच्या कंत्राटी कामाची मोजमाप पुस्तिका आठवावी. काम जितके झाले तितके मोजून लिहायचे आणि त्या प्रमाणात चालू देयक काढायचे, ही तिथली रीत. मोठ्या बांधकामांच्या हिशेबातही उत्पन्न असेच, पूर्ण झालेल्या कामाच्या टक्केवारीने, धरतात. आणि ती टक्केवारी झालेल्या खर्चावरून काढली तर फसवणूक करणे अवघड जाते, कारण खर्चाच्या पावत्या असतात. पॅरागॉनच्या वरिष्ठांनी त्याऐवजी काम किती पुढे गेले याचा स्वतःचा अंदाज वापरायला सुरुवात केली. अंदाज हवा तसा फुगवता येतो. अर्धे झालेले काम पाऊण झाल्याचे दाखवले गेले, जी कामे हाती नव्हती त्यांचेही उत्पन्न धरले गेले, आणि तोट्यातले प्रकल्प कागदावर बरे दिसू लागले. लेखापरीक्षक आर्थर अँडरसन ही त्या काळची नामांकित संस्था होती. तिच्याही नजरेतून हे सुटले.

१९९८ च्या उन्हाळ्यात प्रकार उघड झाला. १९९७ चा तोटा आधी २९ लाख डॉलर जाहीर झाला होता. फेरहिशेबात तो २ कोटी ४७ लाख डॉलर निघाला. समभाग नॅसडॅकवरून उतरवले गेले, गुंतवणूकदारांचे दावे आले, आणि २००० मध्ये कंपनी पुन्हा खासगी करताना उरलेल्या समभागधारकांना एका समभागामागे ७५ सेंट मिळाले. पुढे अमेरिकेच्या रोखे नियामकांनी कारवाई केली, पॅरागॉनच्या जबाबदार अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. निकलस यांच्यावर स्वतः कोणताही आरोप ठेवला गेला नाही.

आरोप नव्हता हे खरे, तरी प्रश्न संपत नाही. सोळा डॉलर मोजणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराने पॅरागॉनचा ताळेबंद वाचून पैसे दिले नव्हते. त्याने १८ महास्पर्धा जिंकलेल्या माणसाला पैसे दिले होते. जो माणूस खेळताना कार्डावर चुकीचा आकडा राहू देत नाही, त्याच्या कंपनीच्या पत्रकातही चुकीचा आकडा नसेल, असे त्या गुंतवणूकदाराने धरले. मैदानावर स्वतःचा प्रत्येक फटका स्वतः मोजणारा माणूस कंपनीत दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यांखाली उभा राहतो, हा फरक समभाग विकत घेणाऱ्याला कोणी समजावून सांगितलेला नसतो, आणि माझी शंका अशी की खुद्द खेळाडूलाही नसतो.

नावाची विक्री

२००५ च्या जुलैमध्ये निकलस यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे शेवटची ब्रिटिश ओपन खेळली. त्या निमित्ताने रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने त्यांचे चित्र असलेल्या पाच पौंडांच्या वीस लाख नोटा काढल्या. हयात माणसाचा, तोही राजघराण्याबाहेरचा, चेहरा चलनी नोटेवर येण्याचा मान दुर्मीळच. दोन वर्षांनी त्याच नावाचा सौदा झाला.

आपल्याकडे जुन्या मिठाईच्या किंवा सराफी पेढीच्या दुकानावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी असते. आपण तिची चेष्टा करतो. पण मालकीच्या कायद्याच्या दृष्टीने ती पाटी मोठी नेमकी आहे. नाव, माणूस आणि दुकान ही तिन्ही एकाच छपराखाली आहेत, असे ती सांगते. परवाना देणे म्हणजे माणसाने नाव घराबाहेर पाठवणे, पण दोरी हातात ठेवून. २००७ च्या व्यवहारात दोरीच दुसऱ्याच्या हाती गेली. निकलस कंपनीज या नव्या कंपनीत मिलस्टीन यांचा पैसा आला, व्यापारचिन्हे आली, आराखडा व्यवसाय आला, आणि त्या नावाचा मूळ मालक त्याच कंपनीच्या कामात राहिला. पुढच्या वर्षी जागतिक मंदी आली, अमेरिकेतील घरबांधणी कोसळली आणि तिच्याबरोबर नव्या मैदानांची मागणीही. सौद्याची वेळ विकणाऱ्याच्या बाजूने पडली, हे व्यापारी नजरेने मान्य करावे लागेल. घेणाऱ्याला मात्र एका कमी होत जाणाऱ्या बाजारातून आपले १४.५ कोटी वसूल करायचे होते, आणि पुढच्या कडवटपणाचे एक मूळ मला तिथे दिसते.

२०१७ मध्ये निकलस दैनंदिन कामातून बाहेर पडले. करारात पाच वर्षे कंपनीशी स्पर्धा न करण्याचे कलम होते. आयुष्यभर स्पर्धाच केलेल्या माणसाला सत्तरी ओलांडल्यावर असे कलम लागू व्हावे, यातली विसंगती त्याच्या वकिलांच्याही लक्षात आली असेल. मे २०२२ मध्ये, पाच वर्षे पुरी होताना, त्यांनी संचालकपद सोडले, आणि त्याच महिन्यात निकलस कंपनीजने न्यूयॉर्कच्या न्यायालयात जॅक निकलस यांच्यावर दावा लावला. वादीचे आणि प्रतिवादीचे आडनाव एकच.

तो काळ सौदी अरेबियाच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या लिव्ह गोल्फ या, पीजीए टूरच्या प्रतिस्पर्धी, नव्या मालिकेचा होता. त्या मालिकेचा चेहरा होण्यासाठी आपल्याला दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली होती आणि आपण नकार दिला, असे निकलस यांनी जाहीरपणे सांगितले होते. कंपनीचे म्हणणे असे, की ते कंपनीच्या मागे सौदी मंडळींशी बोलणी करत होते आणि कंपनीने त्यांना त्यातून वाचवले. निकलस यांनी हे साफ नाकारले. या आरोप-प्रत्यारोपांत गोल्फजगत गुंग झाले, पण अभ्यासाच्या दृष्टीने तो वरवरचा भाग आहे. खरा मुद्दा कागदातला होता: ‘जॅक निकलस’ ही दोन शब्दांची व्यापारमुद्रा आणि जॅक निकलस नावाचा माणूस यांच्यामधली हद्द २००७ च्या करारात कुठे आखली होती?

त्याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले. स्पर्धाबंदीची मुदत संपली असून निकलस मैदाने आखायला मोकळे आहेत, असा निर्णय लवादाकडून त्यांच्या बाजूने लागला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेल्या निर्णयाचा गाभा असा, की नोंदणीकृत व्यापारचिन्हे कंपनीची असली तरी स्वतःचे नाव, चेहरा आणि ओळख वापरण्याचा हक्क या माणसाने विकून टाकलेला नव्हता. सामान्य वाचकाला यात वकिली कसब वाटेल. पण ज्या शेतकऱ्याने झाडे विकली आणि जमीन ठेवली, किंवा जमीन विकली आणि विहिरीतला हिस्सा ठेवला, त्याला हा फरक चटकन कळेल. अस्वलाचे चिन्ह गेले, अस्वल नाही गेले.

याच्या जोडीला निकलस यांनी फ्लोरिडात अब्रुनुकसानीचा दावा केला होता. आपण सौदी पैशासाठी टूरशी दगा करायला निघालो होतो आणि आपली बुद्धीही आता ठिकाणावर नाही, असे कंपनीच्या बाजूने पसरवले गेले, ही त्यांची तक्रार. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या ज्यूरीने कंपनीला दोषी धरून पाच कोटी डॉलर भरपाई ठरवली. मिलस्टीन यांच्यावर मात्र वैयक्तिक जबाबदारी टाकली नाही. म्हणजे ज्या कंपनीला नाव विकले, तिनेच त्या नावाला बट्टा लावला असे ठरले, आणि ८५ वर्षांच्या माणसाला त्याच नावाची भरपाई मिळण्याचा आदेश निघाला. मात्र कंपनीने पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले, त्यामुळे ज्यूरीने लिहिलेला आकडा आणि हाती येणारी रक्कम या आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या सगळ्या वर्षांत म्युअरफील्ड व्हिलेजची स्पर्धा चालू राहिली. तिच्या नावात निकलस नाही आणि अस्वलही नाही. दरवर्षी गोल्फमधील एका मान्यवराच्या स्मरणार्थ किंवा सन्मानार्थ ती खेळली जाते, आणि १९७६ मध्ये पहिला मान बॉबी जोन्स यांचा होता. २००० मध्ये, ज्या वर्षी गोल्डन बेअरचे समभाग ७५ सेंटांना परत घेतले गेले त्याच वर्षी, तो मान निकलस यांना मिळाला. रविवारी अठराव्या ग्रीनजवळ ते विजेत्याशी हस्तांदोलन करायला उभे असतात, आणि तो विजेता तिथून स्कोअरकार्ड तपासून सही करायला जातो.